बिनभात्याची पेटी

आमच्या पियानोला पहिल्याच आठवड्यात मुंगळे लागले. जगात आणखी कुणाच्या पियानोला मुंगळे लागले असतील असं मला वाटत नाही. पण पियानो गुळाच्या ट्रकमधून, गुळाच्या पोत्यांत गुंडाळून घरी आणणारं दुसरं घरही बहुधा नसेल. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमची गुळाची अडत होती. घरातल्या माणसांच्या कपड्यांना बारा महिने गुळाचा वास, ट्रकच्या फळ्यांना गुळाचा चिकटा, आणि पाहुणा आला की पाण्याच्या आधी हातावर गुळाचा खडा. अशा घरात पियानो आला आणि त्यालाही तोच वास लागला.

ही कल्पना कुणाची, असं विचाराल तर माझीच. म्हणजे त्या वेळी आमच्या घरात एक सडपातळ, नुकतीच अंबाडा घालायला लागलेली, स्वतःला फार शिकलेली समजणारी बाई राहत होती, तिची. ती बाई आज दारात आली तर मी तिला चहा देईन, खायलाही देईन, पण तिचा सल्ला घेणार नाही.

तेव्हाच्या सिनेमात श्रीमंताच्या घरी पियानो असायचाच. जिन्याखाली पियानो, त्यावर मेणबत्त्या, आणि नायिका वाजवता वाजवता हळूच मागे वळून बघायची. मला वाजवण्यापेक्षा ते वळून बघणंच जास्त आवडलं होतं. माझं माहेर आजऱ्याचं, वडील शाळामास्तर. तिथं मी एका गुरुजींकडे पेटी शिकले होते. शिकले म्हणजे सरगम आणि दोन प्रार्थना. तेवढ्यावर मी सासरी सांगून ठेवलं होतं की मला संगीत येतं. खोडून काढणारं इथं कोणी नव्हतं.

पन्हाळ्यावरच्या एका बंगल्यात पियानो विकायला आहे, हे आमच्या ह्यांनीच कुठून तरी ऐकून आणलं. हे म्हणजे माझे यजमान. मोठा बिनधास्त माणूस. मी नुसतं "बघून तर येऊ" म्हटलं, तर म्हणाले, "बघायचं कशाला? घेऊ की. पुढच्या सोप्यात जागा हाय."

बंगल्यात एक वयस्क बाई एकट्याच राहत होत्या. मुलीकडे बंगळूरला कायमच्या निघाल्या होत्या. पियानो उभ्या कपाटासारखा, काळा. पट्ट्या जुन्या दातांसारख्या पिवळट झालेल्या. बाईंनी विचारलं, "तुम्ही वाजवता?"

"हो, थोडंफार," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग सावकाश सगळं समजावून सांगितलं. भिंतीला चिकटवून ठेवू नका. वर फुलदाणी किंवा पाण्याचं काही ठेवू नका. पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा आत खाली एक लहानसा दिवा लावून ठेवा. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांना लोकर असते, तिला कसर लागते, म्हणून डांबराच्या गोळ्या टाका. आणि वर्षातून एकदा सुरात लावून घ्या, बेळगावहून एक गृहस्थ येतात. मी प्रत्येक वाक्याला "हो, हो, माहीत आहे" म्हणत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "याच्यावर लेसचं झाकण छान दिसतं." घरी आल्यावर मला तेवढंच आठवलं.

पियानो आणायला अडतीचा ट्रक मोकळाच होता. हादरे बसू नयेत म्हणून हमालांनी अडतीतलं गोणपाट पियानोला गुंडाळलं आणि वरून दोरखंड आवळले. पन्हाळ्याचा घाट उतरताना दर वळणाला आतल्या सगळ्या तारा एकदम कण्हायच्या. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवली. "वैनी, ह्येच्यात जित्तं काय हाय का?" मी त्याला समजावून सांगितलं की हे एक वाद्य आहे. त्यानं मान डोलवली, पण पुढं पेठेत येईपर्यंत गाडी अशी चालवली, जणू मागं बाळंतीण बसली आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ट्रक थांबला तेव्हा निम्मी गल्ली बाहेर आली. ड्रायव्हर गल्लीला नवा होता. समोरच्या दारातून एका म्हाताऱ्यांनी त्याला विचारलं, "पावणं, काय आणलंयसा?"

"पेटी हाय. लई मोठी."

"मग भाता कुठं हाय?"

ड्रायव्हरनं पियानोवर चारी बाजूंनी नजर फिरवली. "भाता न्हाई वाटतं."

तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव 'बिनभात्याची पेटी' पडलं. पियानो हा शब्द मी सोडून कुणाच्या तोंडी बसला नाही.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो, हळदकुंकवाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पियानोवर हळदकुंकवाची बोटं उठवली, नारळ ओवाळला आणि हमालांना म्हणाल्या, "आत घ्या. उजवा पाय आदी." हमालांनी पियानोचा उजवा पाय कुठला यावर थोडी चर्चा केली.

मग मुंगळे आले. आधी एक रांग, मग रांगेला फाटे. पट्ट्यांच्या फटीतून आत, हातोड्यांवरून वर, मागच्या फळीतून बाहेर. एक पट्टी दाबली की चार मुंगळे घाबरून वर यायचे. मी हळद टाकली, राख टाकली. शेवटी ह्यांनी तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली आम्ही पाण्याच्या वाट्या ठेवायचो, मुंग्या चढू नयेत म्हणून. तेच इथं करायचं. हमालांना परत बोलावलं, पियानो उचलला आणि त्याच्या चारी चाकांखाली पाण्यानं भरलेल्या जाड लोखंडी थाळ्या सरकवल्या. पन्हाळ्याच्या बाईंनी 'वर पाणी ठेवू नका' सांगितलं होतं. खाली ठेवू नका असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या! मुंगळे थांबले. चाकं गंजली, ती आजतागायत फिरलेली नाहीत. आणि थाळ्यांत डास झाले. पियानोखाली डास पाळणारं कोल्हापुरातलं पहिलं घर आमचं.

आता वाजवण्याचं. आत्तींचं बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी दुपारी आमच्या सोप्यात बसायचं. त्या बायकांनी हट्ट धरला, "सूनबाई, वाजवून दाखवा की." मी लगेच तयार. रेशमी साडी नेसले. स्टुलावर बसले. आधी मागे वळून बघून घेतलं, म्हणजे मुख्य काम उरकलं. मग वाजवायला लागले, तर माझा डावा हात भाता शोधायला लागला. पेटी शिकलेल्या माणसाचा डावा हात पट्ट्यांकडे जात नाही, मागे भात्याकडे जातो. मी तो ओढून मांडीवर ठेवला, की थोड्या वेळानं तो पुन्हा पियानोच्या कडेला चाचपडायला लागायचा. त्यात माझं लक्ष खाली गेलं, तर पायाशी दोन पितळी पट्ट्या. आजऱ्याच्या गुरुजींकडे एक पायपेटी होती, पायांनी हवा भरायची. मला वाटलं, हेही तसंच. बरं, विचारावं तर मी काय अडाणी होते? मी दोन्ही पायांनी जोरजोरात हवा भरायला सुरुवात केली. आवाज मध्येच घुमायचा, मध्येच तोंडावर उशी दाबल्यासारखा व्हायचा, आणि खालून खटाक खटाक.

एक बाई शेजारणीला म्हणाली, तेही कोल्हापुरी हळू आवाजात, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, "शिलाईचं मशीन हाय काय गं ह्ये?"

आत्तींनी मला वाचवलं. "दमलीया पोरगी सकाळपासनं. जा गं, चहा टाक."

मी चहा टाकायला गेले ती पियानोकडे बरेच महिने फिरकले नाही. त्याच्यावर लेसचं झाकण आलं. झाकणावर रेडिओ आला. रेडिओशेजारी घड्याळ, मग आमचा लग्नातला फोटो, मग पंचांग, मग धोब्याकडून आलेले कपडे. सिनेमात हे दाखवत नाहीत.

खरी गोष्ट यानंतरची आहे, आणि ती आत्तींची आहे.

आत्तींना पेटी कुणी शिकवली नव्हती. त्यांच्या माहेरच्या देवळात भजन व्हायचं, तिथं बघून बघून त्यांनी बोटं बसवली होती. एकच पट्टी धरायच्या, काळी चार. सगळे अभंग, सगळ्या आरत्या त्या एकाच ठिकाणाहून. पण तेवढ्यात त्या अशा पक्क्या होत्या की मंडळातल्या बायकांनी सूर सोडला तर पेटीच त्यांना हाताला धरून परत आणायची. मंडळात सगळ्या त्यांना आक्का म्हणायच्या. गल्लीत कुणाशी भांडण झालं, घरात काही कुरबूर झाली, तरी गुरुवारी पेटीवरचं कापड काढलं की त्यांचा चेहरा धुतल्यासारखा व्हायचा.

एका सकाळी मोरीतल्या ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला आणि डावा हात कोपरात मोडला. प्लास्टर निघालं, पण हात पूर्ण सरळ होईना. जेवण-खाण, लुगडं नेसणं, सगळं जमायचं. भाता रेटायला जो जोर लागतो, तेवढाच नेमका गेला.

आधी आम्ही वाटून घेऊन बघितलं. त्या वाजवणार, मी समोर बसून भाता मारणार. आता ज्यानं पेटी वाजवली आहे त्याला माहीत असतं की भाता आणि बोटं एकाच माणसाची असावी लागतात. ओळ चढायला लागली की भाता आपसूक भरतो, ओळ संपली की सैल पडतो. मी आपली एका लयीत मारत सुटले.

"हळू. अगं हळू! भाता मारतीयास का चूल फुकतीयास?"

मी हळू केलं, तर अभंगाच्या ऐन चढावर पेटीचा जीव गेला.

"आता का थांबलीस? मेलीस काय?"

मंडळ हसून हसून लोळलं. आत्तीही हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी पेटीवर कापड घातलं ते पुढच्या गुरुवारी काढलं नाही. मंडळ नुसत्या टाळांवर भजन म्हणायला लागलं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तीन वाटांना जायला लागलं.

पलीकडच्या गल्लीत एक मास्तरीणबाई नव्यानं राहायला आल्या होत्या. त्यांच्याकडे पेटी होती, वाजवायच्याही चांगल्या. श्रावण संपता संपता मंडळातली एक बाई आत्तींशी बोलायला आली. बराच वेळ भाजीच्या भावाबद्दल बोलली. मग म्हणाली, "आक्का, वाईट वाटून घिऊ नगा. दसऱ्यापासनं मास्तरीणबाईंच्यात बसायचं म्हणत्यात सगळ्या. त्यांची पेटी हाय."

"बसा की," आत्ती म्हणाल्या. "त्यात काय वाईट वाटायचं? देव काय आमच्याच सोप्यात हाय व्हय?"

बाई गेली. आत्तींनी सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. ते तांदूळ त्यांनी सकाळीच निवडून ठेवले होते. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "टाळ वाजवीन की मी. पण टाळ काय, सगळ्यास्नीच येतोय."

त्यानंतर काही दिवसांनी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर सोप्यातून काळी चारचा आवाज आला. एकेक सूर, थांबून थांबून. आत येऊन बघते तर रेडिओ खाली जमिनीवर, धोब्याचे कपडे पलंगावर, आणि आत्ती स्टुलाच्या कडेवर बसलेल्या. उजवा हात पट्ट्यांवर. डावा हात मांडीत निवांत पडलेला.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ह्येला भाता न्हाईच की!"

"आत्ती, घरात आला तेव्हापासून नाही."

"मग बोलली न्हाईस ती कदी?"

गल्लीतली पोरं रोज बिनभात्याची पेटी म्हणून ओरडत होती, आमच्या घरात ते सगळे ऐकत होते, आणि त्याचा अर्थ कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता. माझ्या तर नाहीच.

अडचणी होत्याच. पेटीचा सूर भाता असेतो टिकतो. पियानोचा सूर वाजला की लगेच विझायला लागतो. आत्तींना ते मुळीच आवडलं नाही. "तोंड उघडतंय आनि लगीच मिटतंय. ह्यात भजन कसं बसायचं?" पुष्कळ दुपारी त्या तिथं चाचपडत बसल्या. मग एकदा पाय लांब करताना उजव्या पितळी पट्टीवर पडला आणि तिथंच राहिला. सूर रेंगाळत राहिला. त्यांनी पाय काढला, सूर थांबला. पुन्हा ठेवला. मग त्या पाय ठेवून ओळ वाजवायच्या आणि ओळ संपली की जरासा उचलायच्या. मी दारात उभी राहून बघत होते. त्याच पट्टीवर मी हवा भरली होती!

दुसरी अडचण मोठी होती. मंडळातल्या बायका आल्या, बसल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, "आक्का खुर्चीवर बसून भजन म्हणनार? मामलेदारीण हाय काय?"

सगळ्या हसल्या, पण आत्ती स्टुलावरून पटकन उठल्या. चेष्टेत खरं होतं. देवाचा फोटो खाली पाटावर, टाळकरी बायका खाली सतरंजीवर, आणि आपण सगळ्यांच्या वर, देवाच्याही वर? त्यांच्या मनाला ते पटेना. पियानो काही खाली बसवता येत नव्हता. स्टुलाचे पाय कापावेत असं हे म्हणाले, पण मग हात पट्ट्यांपर्यंत पोचला नसता. आत्ती सतरंजीच्या कडेला बसून टाळांच्या दोऱ्या सोडवायला लागल्या.

शेवटी मी पाटावरचा फोटो उचलला आणि पियानोवर, लेसच्या झाकणाच्या मधोमध नेऊन ठेवला. रेडिओच्या जागी. त्याच्यापुढं पाट ठेवला, त्यावर निरांजन. आता देव सगळ्यांत वर. त्या बाईनं मान तिरकी करून बघितलं. "झालं की मग. आता बसा वर, मामलेदारीणबाई."

त्यानंतर भजन मास्तरीणबाईंकडे नेण्याचं कुणी नाव काढलं नाही. दसऱ्याला मास्तरीणबाई स्वतःच आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आक्का, मला टाळ द्या. तुमचं बघून मला पायाचं शिकायचंय." त्यांचं हे बोलणं मला फार आवडलं. त्यांच्या जागी मी असते तर घरी बसून डोकं दुखवून घेतलं असतं.

पण पियानो म्हणजे काही पाटा-वरवंटा नव्हे, की बसवला आणि विसरला. पुढच्या पावसाळ्यात त्यानं आमची परीक्षा घेतली. आम्ही आत दिवा लावला, डांबराच्या गोळ्या टाकल्या, पाण्याच्या थाळ्या कधीच काढल्या होत्या. तरी रंकाळ्याकडून येणारी ओल भिंतीतून चढली. पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटल्या. एक दाबली की शेजारीण तिच्याबरोबर खाली जायची आणि वर यायचं नाव नाही. आणि जिथं आत्तींची बोटं रोज पडायची, नेमके तिथलेच सूर उतरले, तेही सारखे नव्हे. अभंग मध्येच लंगडायला लागला. बायका पुन्हा इकडेतिकडे जायला लागल्या. आत्ती मला सारख्या विचारायच्या, "त्या बेळगावच्या पावन्यास्नी कळवलंस का?"

ते आले. मूळचे गोव्याचे, डोक्यावर हॅट, हातात चामड्याची पिशवी. त्यांनी पियानोचं पुढचं दार काढलं आणि आतून एकेक वस्तू बाहेर ठेवायला सुरुवात केली. गोणपाटाचे धागे. वाळलेली तुळशीची पानं. माझी हरवलेली नथ. वाळक्या मुंगळ्यांची मूठभर पूड. ती त्यांनी बोटावर घेऊन नाकाशी नेली. "गूळ?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली.

मग त्यांनी दोन पायांचा एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, दोन-चार पट्ट्या वाजवल्या आणि निकाल दिला. हा सबंध पियानो अर्ध्या सुरानं खाली उतरला आहे. पन्हाळ्यावरही असाच असणार. सगळा वर ओढून नेमक्या सुराला आणायचा, मग वर्षभर बघायला नको.

"हो, नेमका करा," मी लगेच म्हणाले. नेमका हा शब्द ऐकला की मला तेव्हा सरकारी कागदावर सही केल्यासारखं भारदस्त वाटायचं.

आत्ती सतरंजीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "वर म्हंजे किती वर?"

त्या गृहस्थांनी चिमटा वाजवून सूर गुणगुणला. आत्तींनी तो धरायचा प्रयत्न केला. तिथून अभंगाची वरची ओळ घेतली, तर गळा चढता चढता फाटला. "न्हाई हो. तितं आमच्या बायका पोचायच्या न्हाईत. निम्म्या गप बसतील."

"मग तुम्ही एक पट्टी डावीकडे सरका. तोच सूर मिळेल."

आत्ती उठल्या, स्टुलावर बसल्या, हात एक पट्टी डावीकडे नेला. पहिले तीन सूर बरोबर आले. चौथ्याला बोट जुन्या सवयीनं काळीवर गेलं, जिथं आता पांढरी हवी होती. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. इतक्या वर्षांची वाट बोटांत होती, ती एका घरानं सरकत नव्हती. त्यांनी हात मांडीवर आणला. त्यांच्या मांडीवर दोन्ही हात पडलेले मी बघितले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मोडलेल्या हातानं जे गेलं होतं, ते आता धडधाकट हातानं जाणार होतं.

"पियानो बायकांच्या गळ्यावर लावत नाहीत, बाई," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "गळा पियानोवर लावतात."

"आमच्यात पेटी मानसामागनं चालती," आत्ती म्हणाल्या. "मानूस पेटीमागनं न्हाई." पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

ते माझ्याकडे वळले. "पियानो तुमचा ना? तुम्ही सांगा. नेमका लावू की तसाच?"

आता बघा, इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. कुणीतरी हॅट घातलेल्या माणसानं मला विचारावं, बाई, हा पियानो तुमचा ना? आणि मी मागे वळून बघावं. मी खरोखरच मागे वळून बघितलं. मागे आत्ती होत्या.

मी पदर खोचला आणि गल्लीत गेले. दुपारची वेळ, जी घरात सापडली तिला बोलावून आणलं. एकीचे हात पिठाचे, एकीचे केस अर्धे विंचरलेले. मास्तरीणबाई शाळेतून नुकत्याच येत होत्या, त्यांना रस्त्यातूनच वळवलं. सगळ्या सोप्यात बसल्या. मी त्या गृहस्थांना म्हणाले, "यांचा सूर ऐका आणि तिथं लावा."

बायकांनी सूर लावला. पाच जणींनी चार सूर लावले. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले.

"हिचं ऐकू नका," आत्तींनी एकीकडे बोट दाखवलं, "हिला सर्दी हाय. आनि तू गं, वर कशाला वराडतीयास? बाजारात हायस काय? खाली ये. ये, ये. हां. आता थांब तितं."

हळूहळू सगळ्या एका जागी आल्या. आत्ती त्यांच्यात मिसळल्या. सोपा त्या एका सुरानं भरला. गृहस्थांनी डोळे उघडले, चिमटा पिशवीत टाकला आणि तारा पिळायची किल्ली हातात घेतली. "तिथंच राहा," म्हणाले. "दमलात तर एकेक जण श्वास घ्या, पण सूर सोडू नका." दिवे लागेपर्यंत काम चाललं. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा सूर झाला. गुरुवारी आत्तींनी काळी चार धरली आणि ती जिथं असायला हवी होती तिथंच होती.

त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपला की ते बेळगावहून यायचे. दारातच विचारायचे, "मंडळ आहे का घरात?" मंडळ आधी गायचं, मग ते किल्ली काढायचे. मंडळातल्या बायकांची वयं होत गेली. एखादी गेली, एखादी मुलाकडे पुण्याला राहायला गेली. उरलेल्यांचे गळे दरवर्षी जरासे खाली यायचे, आणि पियानोही त्यांच्याबरोबर जरासा उतरायचा. ते कुरकुरायचे. तारा सैल पडल्या की आवाज लाकडासारखा होतो, कुणी जाणकार आला तर मला नावं ठेवील, असं म्हणायचे. पण उतरवायचे. माझ्या मुलीला कॉलेजात एक मैत्रीण होती, तिला पियानो येत होता. ती एकदा वाजवायला बसली आणि दोन ओळींत थांबली. म्हणाली, काकू, हा फार उतरलाय, कुणी बघत नाही का? मी म्हणाले, बघतात गं, दरवर्षी बघतात.

शेवटी शेवटी आत्तींना स्टुलावर हाताला धरून बसवावं लागायचं. ते गृहस्थही काठी टेकत आले होते. बायकांनी सूर लावला, तो मागच्या वर्षीपेक्षा खाली होता. त्यांनी किल्ली हातात धरली आणि आत्तींकडे बघितलं.

"आक्का, आता आणखी खाली गेलात तर तारा लोंबायला लागतील."

"लोंबू देत की," आत्ती म्हणाल्या. "आमचं तरी काय ताठ राह्यलंय?"

त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि तार अजून जराशी सोडली.